हप्ता कमी, मुदत तीच

भावानं पुढे सरकवलेला कागद तिनं एका बोटानं परत त्याच्याकडे ढकलला.

"ताई, बघ तरी. गाडीचं, कार्डाचं, सोफ्याचं, सगळं घराच्या कर्जात टाकायचं. वीस वर्षं. हप्ता निम्म्यावर येतो."

"आणि कर्ज?"

"हप्ता निम्म्यावर येतो म्हणतोय ना!"

बँकेतल्या बाई संगणकाकडे पाहत राहिल्या. अशी भावंडं त्यांच्या टेबलासमोर रोजच बसत असावीत.

त्याच्या मनगटावरचं घड्याळ हप्त्यावर, खिशातला फोन हप्त्यावर. या माणसात पूर्ण फेडून झालेलं काय आहे, ते शोधायला भिंग लागलं असतं. आईला जाऊन दोन महिने झाले नव्हते आणि तिच्या शिवणयंत्रावर त्यानं नवा स्पीकर ठेवला होता.

घराचं कर्ज आई आणि तो, दोघांच्या नावावर. हप्ता त्याच्या पगारातून जायचा. आई कपडे शिवून साठवलेले पैसे दरवर्षी वरून भरायची. आता आईच्या जागी तिची सही हवी होती, म्हणून ताईची आठवण.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "आई अंथरूण पाहून पाय पसरायची. तू आधी पाय पसरतोस, मग अंथरूण उधार आणतोस."

"झालं भाषण? चार पुस्तकं वाचली की माणसाला वाटतं..."

ती बाईंकडे वळली. "आईनं सात वर्षं जादा पैसे भरलेत. हे कर्ज यंदा संपायला हवं होतं. अजून अकरा वर्षं कशी?"

"मुदत कमी झालीच नाही, मॅडम. दर वेळी हप्ता कमी झालाय. जादा पैसे भरताना आम्ही अर्जात विचारतो, मुदत कमी करायची की हप्ता."

"वा!" ती भावाला म्हणाली. "आईनं डोळे फोडून शिवायचं, तू तुझा हप्ता उतरवायचा, आणि उरलेल्यात घड्याळ."

"मी कुठलाच अर्ज भरलेला नाही."

"मग काय तिनं भरला? तिला ते बारीक अक्षर दिसत तरी होतं का?"

बाईंनी फाइल उघडून तिच्यापुढे ठेवली. "हा पहिला अर्ज. पुढेही दर वेळी असंच करावं, असं यातच लिहिलंय."

खाली आईची वाकडी सही. वरचं नाव, पत्ता, सगळं मात्र ताईच्या स्वतःच्या घोटीव अक्षरात. दोन चौकोन होते. ‘हप्ता कमी’च्या चौकोनात ठसठशीत खूण. त्या दिवशी तिला परतीची गाडी गाठायची होती. काय लिहिलंस ते सांग तरी, आई म्हणाली होती. तुला कळायचं नाही, ती म्हणाली होती.

भाऊ वाकून बघत होता. अक्षर त्यानं ओळखलं होतं. ती त्याच्या टोमण्याची वाट बघत राहिली. त्यानं हळूच फाइल मिटली आणि बाईंकडे पाणी मागितलं.

टोमणा परवडला असता.

"घराचं कर्ज वेगळंच ठेवा," ती बाईंना म्हणाली. "तीन वर्षांत संपवायचं तर हप्ता किती?"

बाईंनी आकडा सांगितला.

"ताई, एवढा कोण भरणार?"

"अर्धा मी."

बाईंनी नवा अर्ज पुढे केला. तिनं तो उचलून भावाच्या हातात दिला.

"तू वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं."