तेल प्यालेली विलायती बॅट

मित्रांनो, खामगावातल्या पोरांच्या हातातली ही जुनी बॅट विलायतेत जन्मली, असे सांगितले तर तुम्ही हसाल. पण ती बॅट मीच. विलो नावाच्या हलक्या लाकडाची.

माझा पहिला धनी हॅरल्ड साहेब. विद्यापीठाच्या संघातून तो माझ्यासह खेळे. एका मोठ्या सामन्यात त्याने एकसष्ट धावा काढल्या, तेव्हा लोकांनी टोप्या उडवल्या होत्या. शिक्षण संपल्यावर कापसाच्या एका कंपनीने त्याला खामगावी पाठवले. हंगाम सरला की सरकी काढण्याच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात तो कामगारांना खेळ शिकवी. बाद झाला की स्वतःच हसत बाहेर जाई.

१९१४ साली मोठे युद्ध पेटले. निघताना त्याने मला कारकून महादेवरावांच्या हाती दिले. "वर्षातून एकदा जवसाचे तेल लावा. मी परत येईन," तो म्हणाला. दोन वर्षांनी तो रणात पडल्याचे कळले.

महादेवरावांनी मला देवघराशेजारी ठेवले. दर शनिवारी मारुतीला तेल वाहून आले की ते मलाही तेल पाजत. दसऱ्याला हळदकुंकू वाहत. पंचेचाळीस वर्षे असे चालले. चेंडू मात्र एकही नाही!

महाराष्ट्र राज्य झाले, त्याच्या पुढच्या वर्षी त्यांची दहा वर्षांची नात शकुंतला रडवेली होऊन आली.

"आबा, आमचं खेळाचं धोपाटणं मोडलं. उद्या वरच्या गल्लीसंग मॅच हाय. साहेबाची बॅट द्या न!"

"साहेबाची ठेव हाय ते, बाई. मोडली तं मी त्याले काय तोंड दाखवू?"

"साहेबानं काऊन देल्ली होती मंग? पूजेले?"

आबांनी माझ्यावरचे हळदकुंकू पुसले. मग त्यांनी मला तिच्या हाती दिले. तिचे हात झटकन खाली गेले. आजी अन्नपूर्णाबाई दारातून म्हणाल्या, "तेल पाजू पाजू बॅटीची म्हैस केली हो तुमी!"

दुसऱ्या दिवशी शकुंतलाने मला फिरवायच्या आतच यष्ट्या उडाल्या. "म्हैस बसली बे!" वरच्या गल्लीची पोरे ओरडली; आजीचे बोलणे तिथवर पोचले होते. आम्ही हरलो.

आबांना वाईट वाटले, पण त्यांनी मला पुन्हा देवघराशेजारी ठेवले नाही. त्याच संध्याकाळी काचेचा तुकडा घेऊन त्यांनी माझ्यावरचा तेलकट थर खरवडला. उरलेले तेल शोषले जावे म्हणून महिनाभर मला रद्दीत गुंडाळले, पुसले, वारा दिला. मी हळूहळू हलकी झाले.

पुढच्या सामन्यात शकुंतलाचा टोला जिनिंगच्या भिंतीपलीकडे गेला. आता पळायची गरजच नव्हती, तरी सीमेवर उभे असलेले आबा धोतर सावरत ओरडले, "पळ व शकू, पळ!"

आता माझ्या अंगावर दोन चिरा आहेत. त्यांचे मला दुःख नाही. मित्रांनो, वस्तू पुसा, जपा, मोडली तर दुरुस्त करा. पण मायेपोटी तिचे काम तिच्यापासून हिरावून घेऊ नका. बोला, आता डाव कोणाचा?