मोजून पाच

आमच्या घरात पाच म्हणजे सहा. हे दादामुळे. तो तार ऑफिसात लागला तेव्हा मी शाळेत होते, आणि तो जेवणाच्या टेबलावर चमच्याने मला मोर्स शिकवायचा. आखूड ठोका म्हणजे कट्ट, लांब ठोका म्हणजे कड. सगळी अक्षरं आणि सगळे आकडे या दोनांतच बसवलेले. पाच म्हणजे पाच कट्ट. दादाचा हात मात्र पाचावर थांबायचाच नाही, लयीत सहावा पडायचाच. "टिंबू, पाच लिही," म्हणायचा आणि सहा वाजवायचा. आई म्हणायची, हा पाच मिनिटांत येतो म्हणाला की सहा धरायची.

त्याने कुणाचं काही बिघडत नसे. सहाची खूण वेगळीच, एक कड आणि चार कट्ट, त्यामुळे सहा कट्ट ऐकून कुणी सहा लिहीत नाही. पण जसं प्रत्येकाचं अक्षर असतं तसा तारेवर प्रत्येकाचा हात असतो. कुणी कड ओढतो, कुणी शब्द संपला की दम घेतो. मी स्वतः तार ऑफिसात लागल्यावर वर्षभरात आमच्या लाइनीवरच्या नऊही ऑफिसांतली माणसं चेहरा न बघता ओळखायला लागले. दादाला ओळखायला तर एक पाच पुरायचा.

खात्याच्या परीक्षेत तो या सहाव्यापायी एकदा नापास झाला होता. दुसऱ्या खेपेला तो पाठवत असताना पलीकडच्या खोलीत उतरवून घ्यायला नेमकं मला बसवलं. बहीणभाऊ आहोत का, हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्या मजकुरात एकवीस पाच होते. एकवीसच्या एकवीस मी पोटात घातले आणि चुकांच्या रकान्यात शून्य लिहिलं. त्या दिवशी दादाने माझ्या डोक्यावर टपली मारली, आणि पुढे कित्येक दिवस मी त्या टपलीवर खूश होते.

मग टेलिप्रिंटर आले. इथे बटण दाबायचं, पलीकडे अक्षर आपोआप छापलं जायचं. कान नको आणि मनगटही नको. आमची लाइन सहा महिन्यांत बंद होणार असं परिपत्रक आलं. नव्या यंत्रांसाठी मुख्य कचेरीत शाळा निघणार होती आणि शिकवायला एक माणूस आमच्यातूनच घेणार होते. एकच. बाकीच्यांनी पार्सलच्या खिडकीवर जायचं. मला डिंकाच्या वासात म्हातारं व्हायचं नव्हतं. ती जागा मला हवी होती, आणि मी ते लपवलं नाही.

रविवारी दादाला सांगितलं. तो हसला. "भर की. मी आपला नावापुरता भरतोय. तुझ्यापुढे माझी काय डाळ शिजणार?" माझ्या अर्जाचा कच्चा मसुदा त्यानेच वाचला आणि दोन वाक्यं सुधारून दिली. मला भरून आलं होतं. आज ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

परिपत्रकाच्या आमच्या प्रतीत शेवटची तारीख शाईत बुडाली होती. आठ तारखेला जेवणाच्या सुट्टीत, लाइन मोकळी असते म्हणून, मी तारेवरच मुख्य कचेरीला तारीख विचारली. तीन-चार मिनिटांनी उत्तर आलं. मी लिहीत गेले, "अर्जाची मुदत" आणि पुढे आकडा.

सहा कट्ट.

मग "तारखेला संपली," आणि शेवटी मुख्य कचेरीची खूण.

माझी पेन्सिल पाचावरच राहिली. दादाचं ऑफिस लाइनीच्या बरोबर मध्यावर होतं, आमचं सगळं त्याला ऐकू यायचं. वायर तुटली तर कुठल्या बाजूला तुटली ते शोधायला तिथे एक स्विच असे. तो फिरवला की लाइनीचे दोन भाग व्हायचे. मग मी कितीही ठोकलं तरी मुख्य कचेरीला ऐकू जायचं नाही, आणि दादा काहीही बोलला तरी ते फक्त आमच्या बाजूला ऐकू यायचं.

तरी मी त्याच्याच बाजूने भांडत होते. वायर खराब असेल, निरोप त्याच्याकडे आला असेल आणि त्याने पुढे ढकलला असेल. तसं असलं की ढकलणारा शेवटी आपल्या ऑफिसची खूण जोडतो, पण तो विसरला असेल. म्हटलं, पुन्हा मागू. तो नुसता पोचवणारा असेल, तर नेहमीसारखा घाईने सहा ठोकेल, वर माझी टिंगल करेल, आणि मी त्याच्यावर संशय घेतला म्हणून संध्याकाळी त्याची माफी मागेन.

मी खटक्यावर बोट ठेवलं आणि पाठवलं, "तारीख पुन्हा."

लाइन बराच वेळ गप्प होती. मग आलं. कट्ट. कट्ट. कट्ट. कट्ट. कट्ट.

आणि थांबलं.

मुख्य कचेरीतले हात मी ओळखत होते, हा त्यांतला नव्हता. इतके सावकाश, इतके सारखे कट्ट मी दादाच्या हातून कधी ऐकले नव्हते. परीक्षेत नोकरी टांगणीला लागली होती तेव्हाही त्याला पाच जमले नव्हते. मला फसवायचं म्हटल्यावर जमले. माझ्या दादाने श्वास रोखून, मोजून, माझा केसाने गळा कापला होता. मी खुर्चीत बसून रडले, आवाज न करता, कारण शेजारच्या खिडकीवर गिऱ्हाईक उभं होतं. मग डोळे पुसले आणि "पोचली" असं कळवलं. तशी रीतच आहे.

सहा महिने थांबला असता तर टेलिप्रिंटरवर साफ छापील पाच आला असता, आणि मी मुकाट्याने पार्सलं चिकटवत बसले असते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून बसने मुख्य कचेरीत गेले. मुदत पाचला संपली का, असं विचारलं. कारकुनाने अर्ज घेतला, शिक्का मारला. "मुदत पंधरापर्यंत आहे, एवढी धावपळ कशाला केलीत?" त्याने विचारलं. "पाच कुणी सांगितली तुम्हाला?"

एका वाक्यात दादाची नोकरी गेली असती.

"माझी ऐकण्यात चूक झाली," मी म्हणाले. बाविसावा पाचही मीच पोटात घातला.

जागा मला मिळाली. त्या रविवारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. दादा ताटाकडे बघत म्हणाला, "अभिनंदन. मला वाटलं, तू भरलाच नाहीस."

"का बरं वाटलं?"

त्याने भाताचा घास उचलला. मी चमचा उचलला आणि टेबलाच्या कडेवर पाच वाजवले. सावकाश, सारखे, मोजून. त्याचा घास हातातच राहिला.

आई हसली. "टिंबू, एक राहिला ना गं? आपल्याकडे पाच म्हणजे सहा."

"ते पूर्वी, आई," मी म्हणाले. "दादाला आता पाच येतात."