कागदावरचे आकडे

संगणकाच्या पडद्याच्या वरच्या कडेला लावलेली चिकटपट्टी त्याने नखाने उचकटायला घेतली, तशी ताई शिवणयंत्रामागून ओरडली.

"हात लावू नकोस! तिथून कॅमेरा बघतो. सकाळपासून चार वेळा माझाच फोटो काढून बसलाय मेला."

ताईचं हे शिंप्याचं दुकान तीस वर्षांचं. जुना संगणक परवा बंद पडला, नवा आला, आणि त्यावर त्याने स्वतः लिहिलेला प्रोग्राम नव्या रूपात येऊन बसला. माप टाकलं की कापड कापायचा नमुना कागदावर छापून देणारा. फुकट, कोणीही घ्यावा, आत डोकावून बघावं, हवं तर बदलावं. अकरा वर्षं त्याने हेच केलं होतं. आणि ज्यांना तो प्रोग्राम आवडला ते सगळे त्याच्यासारखेच प्रोग्राम लिहिणारे. त्यातल्या एकानेही कधी शर्टाचं बटण लावलं नसेल! साध्या माणसांना फुकटाची किंमत नसते, हे त्याने बायकोला इतक्यांदा ऐकवलं होतं की तिने विचारणंच सोडलं.

आज मात्र तो सुटणार होता. सोमवारपासून नवी नोकरी होती आणि बाहेरचं काही करणार नाही असं तिथे लिहून दिलं होतं. 'हे काम आजपासून थांबवत आहे' एवढं निवेदन तयार होतं. बारापर्यंत ते प्रोग्रामच्या पानावर टाकतो, असा बायकोला शब्द दिला होता. साडेदहाला ताईचा फोन आला, म्हणून आधी तो दुकानात आला.

"मापांचे रकाने कुठे गेले रे?" ताईने विचारलं.

"आहेत की. पण आता ते लागतच नाहीत. माणसाचा फोटो काढायचा, नमुना आपोआप तयार. असं दुसऱ्या कुणाकडे नाही, ताई. कंपन्यांकडेसुद्धा नाही."

"फोटोत माणूस पोट आत घेऊन उभा राहतो," ताई म्हणाली. "कोट घालून जेवायला बसतो तेव्हा काय करायचं?"

तो हसला, पण ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्या फोटोपायी त्याच्या दोन वर्षांच्या रजा गेल्या होत्या. त्याने मुकाट्याने रकाने शोधून दिले. ते त्यानेच 'जुनी पद्धत' असं नाव देऊन तीन दारांमागे टाकले होते.

ताईने मापं भरली. छपाईयंत्रातून एकामागून एक चौदा कागद आले. तिने कानामागची पेन्सिल काढली आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात आकडे घालू लागली. एक, दोन, तीन. कागद जुळवायचे, चिकटवायचे, मग कापडावर ठेवून कापायचं.

"हाताने का लिहितेस?"

"मग कसं कळणार कोणता कुणाशेजारी? शिकायला येणाऱ्या बायकांनी एकदा पाठ उलटी जोडली. लग्नाचा कोट होता. वाटोळं झालं."

"अगं, मग मला सांगायचंस की! तासाभराचं काम आहे."

"सांगितलं होतं. सात वर्षं झाली. तुमच्या त्या तक्रारींच्या पानावर, दुकानाच्या नावाने."

त्याने आपला लॅपटॉप उघडला, जुन्या तक्रारींत दुकानाचं नाव शोधलं. सापडलं. दोन ओळींची विनंती, आणि खाली चार मिनिटांत दिलेलं त्याचं उत्तर: 'रेघा पाहून कागद जुळवता येतात. ज्याला शिवता येतं त्याला हे विचारावं लागत नाही. तक्रार बंद.'

"ताई, हे... मला माहीत नव्हतं गं तू आहेस ते."

"मला माहीत होतं ना तू आहेस ते," ती आकडे घालतच म्हणाली.

"घरी का नाही बोललीस?"

"तूच म्हणाला होतास, त्या पानावर घरची ओळख चालत नाही, सगळ्यांनी रांगेत यायचं, सगळ्यांदेखत मागायचं. मला ते आवडलं होतं. म्हणून आले रांगेत."

त्याला फार लाज वाटली. साधी माणसं येत नाहीत म्हणून तो सात वर्षं कुढत बसला होता.

"किती जणी वापरतात?" त्याने शेवटी विचारलं.

"माझ्याकडे शिकून गेल्या त्या सगळ्या. चाळीसेक असतील. घरीच शिवतात, याच्यावरच. त्यांचेही संगणक कधीतरी बदलतीलच."

पावणेबारा झाले होते. निवेदन तसंच उघडं होतं. त्याने ते बाजूला सारलं, स्टूल पुढे ओढलं आणि लिहायला बसला. एवढं एकच करायचं आणि मग बंद, असं त्याने स्वतःला बजावलं. अकरा वर्षं तो स्वतःला हेच बजावत आला होता.

सव्वा बाराला फोन वाजला.

"टाकलंस का?" बायकोने विचारलं.

"ताईकडे आहे गं. एक छोटंसं राहिलंय."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

एकच्या सुमारास चौदा कागद पुन्हा छापून आले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात आकडा, कडेला शेजारच्या कागदाचा आकडा. ताईचा हात सवयीने कानामागे गेला आणि तिथेच थांबला. तिने एकेक कागद उचलून पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"झकास," ती म्हणाली. मग टेबलाच्या खणातून एक जाडजूड वही काढून तिने त्याच्यासमोर ठेवली. कडा काळवंडलेल्या होत्या. पानोपानी पेन्सिलीची बारीक अक्षरं होती.

"रांगेत पुन्हा यायचा धीर नाही झाला," ती म्हणाली. "काय अडतं ते इथेच लिहीत गेले. आता आलाच आहेस तर बाह्यांपासून सुरू कर."

त्याने वहीचं पहिलं पान उघडलं.