रेघेवरची शिवण

थोरलीनं खडू कानामागे खोचला, एका तळहातावर गोळी घेतली, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला, आणि पायानंच दार लोटून ती धाकटीच्या खाटेपाशी येऊन उभी राहिली.

"ऊठ, चिमणे. तोंड उघड."

धाकटी तापानं फणफणली होती. घसा असा धरला होता की थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. तिनं मान हलवली. ती नको म्हणून की उठवत नाही म्हणून, हे विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

"ताप काय, येतो नि जातो. थायरॉईडची गोळी चुकवायची नसते. मी वर्षानुवर्षं घेतेय, मला शिकवू नकोस."

धाकटीनं शिकवलं काहीच नव्हतं. तिनं तोंड उघडलं.

दुखणं दोघींनाही गळ्यातल्या त्या एवढ्याशा ग्रंथीचंच. पण थोरलीची ग्रंथी कामचुकार आणि धाकटीची नको तितकी कामसू. थोरली भर उन्हात शाल पांघरायची, आणि धाकटी थंडीत खिडक्या उघडत फिरायची. धाकटीचे हात कापायचे, छाती धडधडायची, अंगावर मांस म्हणून टिकत नव्हतं. शेजारचा चावीवाला म्हणायचा, या दोघींना उसवून एकत्र शिवलं तर एक धड बाई निघेल. थोरलीला तिच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ताप असो की प्रवास, गोळी चुकवू नका. धाकटीला गोळ्या चालू झाल्या तेव्हा थोरलीनं तोच नियम तिलाही लावला. एका घरात दोन नियम कशाला? नाहीतरी धाकटीला स्वतंत्र असं काही मिळायची सवय नव्हती. फ्रॉक थोरलीचे, पुस्तकं थोरलीची, मतंही बरीचशी थोरलीचीच.

दोघी पडदे शिवायच्या. थोरलीनं माप घ्यायचं, खडूनं रेघ मारायची, कापायचं. धाकटीनं रेघेवरून मशीन चालवायची. एकदा एका मोठ्या सभागृहाचे पडदे सगळेच्या सगळे वीतभर आखूड निघाले. रेघ चुकलीय हे धाकटीला पहिल्याच पडद्याला दिसलं होतं. तरी तिनं शेवटचा पडदा होईतो शिवण रेघेवरून तसूभर ढळू दिली नाही. थोरलीनं जाब विचारला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "रेघ तुझी होती." थोरली हा किस्सा गिऱ्हाइकांना हसून सांगायची. बहीण किती भोळी, याचा तो दाखला होता. रेघ कुणाची चुकली, हा भाग सांगताना गळून जायचा.

ताप उतरेना. थोरलीनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करवल्या, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, काम बाजूला सारून उशाशी बसून राहिली. मायेत तिनं कधी कसर केली नव्हती. फक्त मायाही ती स्वतःच्याच मापानं कापायची. धाकटीच्या तोंडात फोड उठले, हिरड्या सोलवटल्या. अशा तोंडातही गोळी रोजच्या वेळेला गेली. मग एका सकाळी हाका मारूनही धाकटी नीट डोळे उघडेना, तेव्हा चावीवाल्याच्या गाडीतून तिला इस्पितळात नेलं.

धाकटीला गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरीणबाईच तिथं होत्या; त्यांनी गोळ्या अजून चालू आहेत का, विचारलं. थोरलीनं गोळ्यांची पट्टी पुढे केली आणि वर सांगितलं, "एक दिवस चुकू दिली नाही मी. मीही थायरॉईडचीच घेते."

डॉक्टरीणबाईंनी पट्टी हातात धरून ठेवली. मग सावकाश सांगितलं की थोरलीचं औषध कमी पडतं ते भरून काढणारं, आणि हे जास्तीचं आवरणारं; नाव दुखण्याचं एक, पण औषधं एकमेकांच्या उलट. हे औषध क्वचित कुणाच्या रक्तावरच उलटतं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच तयार होईनाशा होतात. त्याची पहिली खूण म्हणजे घसा आणि ताप. ती दिसली की गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी रक्त तपासायचं.

"त्यांच्या रक्तात त्या पेशी जवळजवळ उरलेल्या नाहीत."

"वाचेल ना?"

"गोळी बंद केली की बहुतेकांच्या पेशी पुन्हा येतात. तोवर संसर्गानं गाठता कामा नये. आणि संसर्ग आत शिरलेला आहे." त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "मी त्यांना हे बजावलं होतं. त्यांच्याकडून म्हणवूनही घेतलं होतं."

थोरलीनं लगेच बहिणीची बाजू घेतली. तिला वाटलं तरी तसंच. ती विसरली असेल, लहानपणापासून धांदरटच आहे, असं ती सांगत राहिली. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या. ऐकून घेणाऱ्या माणसासमोर तिचं बोलणं हळूहळू आखूड होत गेलं.

धाकटीला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. आत जाण्याआधी थोरलीला झगा, मास्क, हातमोजे घालायला लावले. झग्याची दुमड वाकडी शिवलेली होती. एरवी ती बोलल्यावाचून राहिली नसती.

धाकटी जागी होती. ओठ फाटलेले, हाताला सलाईन.

"तुला ठाऊक होतं?"

"हं."

"मग बोलली का नाहीस?"

धाकटीनं थोडा विचार केला. आवाजात राग नव्हता. खिडकीची रुंदी सांगावी तसं तिनं सांगितलं.

"तू पेला घेऊन उभी होतीस ना, ताई."

थोरलीचा हात सवयीनं कानामागे गेला. तिथं मास्कचं इलॅस्टिक होतं.

नर्स आली. तापाची गोळी मोडून तिचे दोन तुकडे तिनं थोरलीच्या तळहातावर ठेवले, पेला हातात दिला, आणि म्हणाली, गिळताना त्रास होतोय, पण तुमच्या हातून घेतील. थोरलीनं गोळी कशाची ते विचारलं. नर्सनं सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं. नर्सनं न कंटाळता पुन्हा सांगितलं आणि ती सलाईनकडे वळली.

थोरली खाटेपाशी उभी राहिली. एका तळहातावर गोळी, दुसऱ्या हातात पेला. धाकटीनं तिच्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"थांब," थोरली म्हणाली. "आधी एकदा नाही म्हण. मग देते."

धाकटीनं डोळे उघडले नाहीत. तोंडही मिटलं नाही.