काठावरचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे आणि मला राग आलेला आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना हळवे व्हायचे असते, मधूनमधून उसासे टाकायचे असतात, हे मला ठाऊक आहे. मला ते जमणार नाही. माझ्या पाच बहिणी भंगारात गेल्या आणि त्या कशामुळे गेल्या हे मला नीट माहीत आहे.

आधी माझी बांधणी समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. वरून मी काळी प्लास्टिकची पेटी. आत दोन चाके आणि त्यांवर गुंडाळलेली पावणेदोनशे मीटर लांब, अर्धा इंच रुंद फीत. फितीवर गंजासारख्या तपकिरी भुकटीचा लेप असतो. त्या भुकटीचे कण चुंबकाने सांगितलेल्या दिशेला तोंड करून बसतात आणि दुसऱ्या चुंबकाने हलवेपर्यंत तसेच बसून राहतात. सांगितलेले लक्षात ठेवणे माणसांना जमत नाही, म्हणून तर आम्हाला जन्माला घातले.

माझ्या फितीवर आवाज दोन जागी असतो. एक आवाज चित्राच्या खाली खोल पुरलेला असतो. दुसरा वरच्या काठावर, जेमतेम एक मिलिमीटरच्या पट्टीत. महागडी यंत्रे खोलवरचा आवाज ऐकतात, साधी यंत्रे काठावरचा. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या दोन्ही जागी एकच आवाज होता. हे विसरू नका.

आम्ही सहा बहिणी एका खोक्यात होतो. सहाही कॅसेटींवर हॉलिवूडच्या एकाच जोडीचे जुने काळेपांढरे सिनेमे होते, चार हसवणारे आणि दोन रडवणारे. त्या नटाची आणि नटीची नावे मी सांगणार नाही. सांगितली की तुम्ही लगेच फोन काढाल आणि माझे बोलणे बाजूला राहील. एवढेच सांगते, की तो जमिनीकडे बघत, शब्द चघळत बोलायचा आणि ती हनुवटी वर करून त्याच्यावर तुटून पडायची. माझ्यातल्या सिनेमात तो नदीवर होडी चालवतो आणि ती त्याच नदीवर पूल बांधायला आलेली इंजिनियर असते. पूल झाला की होडी बुडाली, म्हणजे धंदा बुडाला. दीड तास दोघे भांडतात आणि शेवटी काय होते ते तुम्हाला कळलेच असेल.

आमचे घर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचे होते. परदेशी निघालेल्या एका गिऱ्हाइकाने आमचे खोके त्याला देऊन टाकले होते. घरात त्याची बायको होती. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. त्याची थोरली बहीण होती, ती शिवणकाम करायची. एक मुलगा होता, पण तो वसतिगृहात. आणि एक चार वर्षांची मुलगी होती, तिला सगळे ठकी म्हणत. ठकीची ती आत्या, म्हणून मीही तिला आत्याच म्हणते. ठकीचे आईबाबा माझेही आईबाबा.

आईबाबा सिनेमा बघून खदखदून हसत. आत्याला इंग्रजी येत नव्हते. एक दिवस तिने कात्री खाली ठेवली.

"तुम्ही दोघं खिदळा. मी आपली भिंतीकडे बघते. नाहीतरी भिंतीला कुठं इंग्रजी येतं!"

आई म्हणाली, "वन्सं, थांबा. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ही बाई मराठी बोलेल."

आणि ती बोलली. बाबांच्या दुकानात एक यंत्र दुरुस्तीला आले होते. त्याला चित्राला धक्का न लावता नुसता काठावरचा आवाज बदलायची सोय होती. आईने प्रयोगशाळेतल्या रद्द कागदांच्या पाठीवर सगळे संवाद मराठीत लिहून काढले. सलग चार सुट्ट्यांच्या दुपारी खिडक्यांना पांघरुणे लावून, पंखा बंद करून, घामाने निथळत दोघे माझ्यासमोर बसले. होडीवाल्याचे बोलणे बाबांचे, पूलवालीचे आईचे.

आत्याने विचारले, "म्हणजे आता त्या मूळ बाईचा आवाज पुसला?"

बाबा म्हणाले, "नाही गं ताई. कापडाला काठ असतो ना, तसा हिलाही असतो. मधलं कापड तसंच ठेवलंय, नुसता काठ बदलला." मग हसून म्हणाले, "आमच्या मानाने काठावर पास म्हणायचं."

घरातले यंत्र साधे होते. त्याला काठावरचेच ऐकू यायचे. त्यामुळे घरी मला लावले की मराठीच ऐकू येई. पडद्यावरच्या बाईचे ओठ हलत राहायचे आणि आईचे वाक्य आधीच संपलेले असायचे. मग ती भरीला काहीतरी घालायची. "आणि हो, दूध उतू जाऊ देऊ नका," असे पूलवाली भर नदीत होडीवाल्याला सांगायची आणि आत्या हसून हसून खुर्चीवरून घसरायची. ती दोन वर्षे माझी चांगली गेली. इतकी माया कारखान्यातल्या कुठल्याच कॅसेटीला मिळाली नसेल.

दुसऱ्या वर्षी त्यांनी आणखी एक कॅसेट केली, माझी तिसरी बहीण. ती रडवणाऱ्यांपैकी होती. तिच्यातली बायको शेवटी आजाराने जाते. जाण्याआधी ती नवऱ्याशी बोलते. त्या वेळेपर्यंत आईने आपल्याच रक्ताची काच आपल्याच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिली होती. घरात फक्त बाबांना माहीत होते. त्या शेवटच्या प्रसंगाला बाबांनी तीनदा यंत्र थांबवले. आईने एकदाही नाही.

आई गेल्यावर बाबांनी आमचे खोके कपाटावर ठेवले. पुन्हा कधी काढले नाही. मला बाबांचा राग नाही. मी वर्षानुवर्षे धूळ खाल्ली आणि एका शब्दाने तक्रार केली नाही. आमच्या कणांनी तोंड फिरवले नव्हते. आम्ही आमचे काम करत होतो.

तीन वर्षांपूर्वी बाबाही गेले. या वर्षी आत्या ठकीकडे राहायला जायची ठरली, म्हणून दादा, म्हणजे तो वसतिगृहातला मुलगा, घर आवरायला आला. दादा वाईट नाही, पण त्याला सगळे लवकर संपवायचे असते. आत्याने खोक्याला हात लावू दिला नाही, तेव्हा तो तिला आणि आम्हाला घेऊन जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणाऱ्या एका दुकानात गेला. तिथल्या माणसाला सगळे उस्ताद म्हणत. कोणी आणि का म्हणत, देव जाणे.

उस्तादाचे यंत्र महागडे होते. मी सांगितलेले आठवते ना? महागडी यंत्रे खोलवरचा आवाज ऐकतात. त्याने मला आत ढकलले, न थांबवताच पुढेमागे पळवले आणि या धसमुसळेपणात माझ्या सुरुवातीचा काठ चुरगाळला. मग थोडे चालवून बघितले.

"इंग्लिश पिक्चर आहे, साहेब. हा तर फोनवर याहून साफ मिळेल." माझ्या तिसऱ्या बहिणीलाही त्याने दोन मिनिटे लावले. "ही पण तसलीच."

"अरे, यात माझी भावजय बोलते," आत्या म्हणाली.

"कोण बोलतं?"

"भावजय. याची आई. ती काठावर बोललीये."

उस्ताद हसला. "आजी, काठावर आम्ही पास झालो शाळेत. आवाज काठावर नसतो."

दादा ओशाळला. "आत्या, चल बरं. तुला कुठलं काय आठवतं आणि तू कुठं नेऊन जोडतेस."

"माझे कान गेलेत रे. डोकं जाग्यावर आहे."

पण मोठ्या आवाजात बोलणाऱ्या दोन पुरुषांपुढे ऐंशी वर्षांच्या बाईचे कोण ऐकतो? उस्तादाला यंत्रातले सगळे कळते, असे दादाला वाटले. स्वतःच्या यंत्रावरचे काठावरचा आवाज घ्यायचे बटण त्या उस्तादाने कधी दाबून पाहिले नव्हते, याला काय म्हणायचे? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. दादा म्हणाला, "राहू द्या, टाकून द्या तुम्हीच." उस्तादाने एकेक बहीण उचलून कोपऱ्यातल्या पोत्यात टाकली. माझी पाळी येण्याआधी त्याचा फोन वाजला. तेवढ्यात आत्याने मला उचलले आणि पिशवीत टाकून वर रुमाल दाबला. जन्मात दुसऱ्याच्या दोऱ्याचे रीळही न उचललेली बाई, आपल्याच घरची वस्तू चोरून घरी आली.

मित्रांनो, मी त्या पिशवीतून ओरडत होते. एकीला घेतलेस, तिसरीलाही घे! पण कॅसेटीला यंत्राशिवाय तोंड नसते.

संध्याकाळी ठकी आली. ठकी आता नकाशे काढायच्या कचेरीत काम करते. आत्याने मला तिच्या मांडीवर ठेवले आणि सगळे सांगितले.

ठकीने मला उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली, "आत्या, टीव्हीतली बाई आईच्या आवाजात बोलायची, हे मला आठवतं. मी दादाला सांगितलं होतं. तो म्हणाला, तू चार वर्षांची होतीस, स्वप्न पडलं असेल. मलाही तेच खरं वाटायला लागलं होतं."

"स्वप्न कसलं? तुझा बाप म्हणाला, मधलं कापड तेच, काठ बदलला."

"काठ," ठकी म्हणाली. "आमच्या नकाशात दिशा, प्रमाण, खुणांचे अर्थ, सगळं काठावरच लिहितात. काठ फाडला तर मधल्या रेघोट्यांना कोण विचारतं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीतून सुट्टी घेऊन ती आत्याला आणि मला घेऊन उस्तादाकडे गेली.

"या फितीला काठ असतो का?" तिने सरळ विचारले.

"असतो की. पण तिथं साधा आवाज असतो. मशीन आतला, भारी आवाज घेतं."

"मग त्याला काठावरचा घ्यायला सांगा."

"ताई, दोन्हीकडे एकच आवाज असतो."

"एकदा दाबून बघा ना. दाबल्याने बटण झिजतं का?"

उस्तादाने तोंड वाकडे करून बटण दाबले. नुसती खरखर आली. का ते तुम्हाला माहीत आहे, माझा सुरुवातीचा काठ त्यानेच चुरगाळला होता. पण तो कसला कबूल करतो!

"बघा. म्हटलं होतं."

"चालू द्या," ठकी म्हणाली. आत्या स्टूल ओढून यंत्रासमोर बसली. तिने पिशवी मांडीवर घेतली, म्हणजे आता तिला कोणी उठवू शकत नव्हते. एक मिनिट खरखर. पाच मिनिटे खरखर. मी जिवाच्या आकांताने फिरत होते. अकरा मिनिटे झाली. उस्ताद बंद करायला हात पुढे करणार, तेवढ्यात माझा चुरगाळलेला भाग संपला.

"...तुमची होडी गळते, आणि तुमचं बोलणंसुद्धा!"

"बाई, होडी पाण्यामुळे गळते. बोलणं तुमच्यामुळे."

उस्तादाचा हात तिथेच राहिला. पडद्यावर गोरी बाई हनुवटी वर करून उभी होती आणि तिच्या तोंडून आई बोलत होती. मध्येच लांबून एक बारीक आवाज आला, "आई, मला शू लागलीये." आणि आई त्याच तोऱ्यात, एक क्षणही न चुकता म्हणाली, "पुलाचं काम थांबवा! मुख्य साहेबांना तातडीने जायचं आहे!"

ठकीने दोन्ही हातांनी तोंड दाबले. हसत होती की रडत होती, मला कळले नाही. आत्याला फारसे ऐकू येत नव्हते. तिने तळहात स्पीकरच्या जाळीवर ठेवला आणि तसाच ठेवून बसली.

थोड्या वेळाने ठकीने विचारले, "बाकीच्या पाच कुठं आहेत?"

उस्ताद खाली बघत म्हणाला, "पोतं सकाळीच गेलं."

ठकी भंगारवाल्याकडे गेली. तो म्हणाला, पेट्या फोडल्या, प्लास्टिक पुढे गेले, फिती जाळल्या. त्या रात्री दादाचा फोन आला. तो बराच वेळ माफी मागत होता. ठकीने ती ऐकून घेतली. मग ती आत्याकडे वळली.

"तिसऱ्या कॅसेटमध्ये शेवटी आई काय म्हणाली होती?"

आत्या म्हणाली, "मी उठून आत गेले होते गं. मला ऐकवेना. म्हटलं, आहेच कॅसेटवर. नंतर कधीतरी ऐकू."

लोक म्हणतात, निदान तू तरी वाचलीस. माझा आवाज आता चार ठिकाणी उतरवून ठेवला आहे. तरी मी आभार मानणार नाही. अकरा मिनिटे धसमुसळेपणात गेली आणि एक अख्खी बाई पोत्यात गेली. त्याआधी एक म्हातारी काय सांगते ते तपासून बघायला एक बटण आणि बारा मिनिटे पुरली असती.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. घरातली जुनी वस्तू टाकायला काढाल तेव्हा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा. त्याचे म्हणणे वेडगळ वाटले तरी हसू नका. ते चूक आहे का हे पडताळून पाहा, आणि मगच टाका.

तिसरी कॅसेट झाली त्या दुपारी मी शेजारच्या फळीवर होते. आई शेवटी काय म्हणाली ते मी शब्दन् शब्द ऐकले. पण ते माझ्या फितीवर नाही. ठकी रोज आत्याला विचारते. मी सांगू शकत नाही.