सायफोनचा घास

"सायफोन स्वप्नात आली होती माझ्या," फाटक उघडता उघडताच सायफोनची थोरली बहीण लामदुआन म्हणाली. "बोलली काही नाही. हातात रिकामी थाळी घेऊन नुसती उभी. जावईबुवा, तुम्ही विहारात देता तरी काय?"

प्रेबेनच्या हातातली सुरी पावातच थांबली. बायको जाऊन दोन महिने झाले होते आणि सकाळचा डबा त्याने एकदाही चुकवला नव्हता. गेलेल्या माणसाच्या नावाने भंतेजींना जे वाढावं, तेच तिकडे त्याच्या तोंडी पडतं. नाही वाढलं तर ते माणूस उपाशी राहतं, असं हे गाव मानत आलं आहे. डेन्मार्कमध्ये डेअरीची यंत्रं दुरुस्त करण्यात उभी हयात घालवून, निवृत्तीनंतर बायकोच्या या गावी येऊन राहिलेल्या प्रेबेनचा यावर विश्वास होता असं नाही. पण सायफोन कुठेतरी उपाशी असेल, हा विचार त्याला सोसवत नव्हता.

"राईचा पाव देतो," तो म्हणाला. "मीच भाजतो. उकडलेले बटाटे. कधी केक."

लामदुआन कपाळाला हात लावून पायरीवर बसली. "तरीच! इकडे भंतेजींचे दात हलायला लागलेत आणि तिकडे माझी बहीण उपाशी!"

"ताई, ती माझ्याबरोबर हेच तर जेवायची. चौदा वर्षं."

"तुमचा मान राखायला दोन घास खायची. मग माझ्याकडे येऊन पोटभर जेवायची."

प्रेबेनने सुरी खाली ठेवली. रोज संध्याकाळी भांडी विसळून झाली की सायफोन म्हणायची, "ताईकडे जाऊन येते." तोही खुशीत म्हणायचा, "जा, मार गप्पा." लग्नानंतर पहिल्यांदा तिने आंबवलेल्या माशांची बरणी उघडली, तेव्हा तो घरातल्या सगळ्या खिडक्या उघडून अंगणात जाऊन उभा राहिला होता. तोंडाने चकार शब्द काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी बरणी दिसेनाशी झाली. तिलाही आवडत नसावं, असं तो आपला धरून चालला.

"तिला काय आवडायचं?" त्याने विचारलं. विचारताना त्याची मान खाली होती.

"बांबूच्या कोंबांचं कालवण. त्यात पाडेक हवं. तेच ते आंबवलेले मासे, ज्यांच्या वासाने तुम्ही अंगणात पळाला होतात." लामदुआनचा आवाज जरा निवला. "मी करते उद्या. तुम्ही नुसतं घेऊन चला."

"नको. मीच करतो. तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो लामदुआनच्या मागच्या अंगणात चुलीपुढे बसला होता. पाण्यात पाला कुस्करून त्याने हिरवागार रस काढला, दोनदा गाळला. कोंब शिजायला टाकले. मग खिशातून मापाचा चमचा काढला.

"हे काय? इंजिनात तेल घालायचंय का?" लामदुआनने चमचा काढून घेतला आणि बरणीचं झाकण उघडलं.

वास आला तसा प्रेबेन एक पाऊल मागे सरला.

"अंगण मोकळंच आहे हो. जायचं तर जा," ती म्हणाली.

तो गेला नाही. डोळे बारीक करत त्याने एक पळी पातेल्यात सोडली. "बास? चाखून बघू?"

"खबरदार! भंतेजींच्या आधी चाखायचं नाही. आमच्या आईने आम्हाला कधी बोट लावू दिलं नाही. वासावरून कळतं. वाका."

तो वाकला. पहिल्या श्वासाला नुसती कुजकी घाण. तरी तो तसाच वाकून राहिला. रानतुळस पडली, चुलीचा धूर तोंडावर आला, आणि त्या सगळ्याच्या आतून त्याला ओळखीचं काहीतरी जाणवलं. रात्री ती ताईकडून परतली की तिच्या केसांना हा वास असायचा, पुसट. तो त्याला आवडायचा. कशाचा, ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

"अजून अर्धी पळी," तो म्हणाला.

लामदुआनने पातेल्यावर वाकून पाहिलं, मग त्याच्याकडे. "घाला."

विहारात बायका आपापली भांडी भंतेजींपुढच्या कापडावर ठेवत होत्या. पुरुषांना मुभा असल्यामुळे प्रेबेनने वाडगा थेट भंतेजींच्या हातात दिला.

भंतेजींनी झाकण उचललं. "आज पाव नाही?"

"नाही भंतेजी."

"बरं, बरं," ते इतक्या मनापासून म्हणाले की मागच्या बायकांनी हसू दाबायला तोंडाला हात लावला.

मंत्र सुरू झाले तशी, दानाचं पुण्य तिला पोचावं म्हणून, त्याने छोट्या तांब्यातून वाटीत पाण्याची बारीक धार सोडली आणि मनात तिचं नाव घेतलं. पुढे काय म्हणायचं ते त्याला माहीत नव्हतं. नंतर ते पाणी त्याने झाडाच्या मुळाशी ओतलं.

परतताना लामदुआन म्हणाली, "पातेल्यात उरलंय. जेवूनच जा."

मागच्या पडवीत चटई अंथरलेली होती. चिकट भाताची टोपली आणि कालवणाचा वाडगा तिने मध्ये ठेवला.

"ती कुठे बसायची?" त्याने विचारलं.

"तिथं. खांबाला टेकून, पाय पसरून. तुमच्या टेबलाशी बसून पाय अवघडतात म्हणायची."

प्रेबेन खांबाशेजारची जागा सोडून बसला. आखडलेले गुडघे त्याला दुमडायला वेळ लागला. भाताचा लहानसा गोळा करून त्याने कालवणात बुडवला आणि सावकाश चावून खाल्ला. मग वाडगा थोडा सरकवला. खांबाशी बसलेल्याचा हात पोचेल इतका.