काचेपलीकडची सवत

तो शिंपला म्हणजे माझी सवतच. बावीस वर्षांपूर्वी आर्विडने काडेपेटीएवढा आणला होता, आता कलिंगडाएवढा झाला. बाहेर अमेरिकेतल्या डुलुथची उणे तीस थंडी आणि आमच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची भलीमोठी टाकी, आत प्रवाळ, मासे आणि मधोमध ही निळ्या झालरीची महाराणी.

जानेवारीत डॉक्टरांनी हात टेकले. आर्विडची खाट टाकीसमोर लावली.

"मार्लिस, मी असेपर्यंत शिंपल्याला जगव," एवढंच त्याने मागितलं.

रोज तो काचेसमोर हात फिरवायचा. सावली पडली की झालर चटकन आत जायची. "आहेस ना रे?" तो विचारायचा. मला कधी इतक्या प्रेमाने विचारलं नाही.

मग माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. खालच्या कपाटात बाटली होती, वर आर्विडच्या अक्षरात 'माशांसाठी'. तीन दिवस मी झाकणाने मोजून औषध घातलं. ठिपके कमी झाले. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

चौथ्या दिवशी दुपारी आर्विडने हात फिरवला. झालर हलली नाही. त्याने पुन्हा फिरवला.

"झोपलाय वाटतं," मी म्हटलं.

"बावीस वर्षांत दुपारी झोपला नाही तो. पाण्यात काय घातलंस?"

मी बाटली दिली. चष्मा लावून त्याने मागचं बारीक छापलेलं वाचलं, मग पुढचं स्वतःचं अक्षर.

"यात तांबं असतं. मासे सोसतात, शिंपला मरतो. तळघरातल्या टाकीचं औषध हे, नवे मासे वेगळे ठेवायचो ना, त्यांचं. तेवढं लिहायला काय धाड भरली होती मला!"

"अरे, ओरड ना माझ्यावर!"

"दम कुठाय? आजच बाहेर काढ त्याला. सडला तर मासेही जातील."

मी कोपरापर्यंत हात घातले. तो मिटला नाही. उचलताना कंबर मोडली, गालिचा भिजला, आणि मला रडू आवरेना.

"पुरशील ना?" आर्विडने विचारलं.

"जमीन दगड झालीय. एप्रिलशिवाय कुदळ लागायची नाही."

हे त्यालाही ठाऊक होतं. आमच्याकडे हिवाळ्यात गेलेली माणसं कबरस्तानातल्या दगडी खोलीत वसंताची वाट बघत पडून असतात.

"मग गॅरेजात ठेव," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये दोघांचं एकदमच उरकून टाक."

त्याच्या जुन्या कोटात गुंडाळून मी शिंपला गॅरेजात ठेवला. परत आले, तर आर्विड रिकाम्या वाळूसमोर हात फिरवत होता.